अथेन्स विमानतळावरून पिरेयस बंदराला जायला टॅक्सी बरी की मेट्रो? सोबत आई आहे, सामानही बरंच आहे.

मेट्रो. "आई सोबत आहे, सामान आहे" हे मी त्याच विमानतळावर आमच्या साडूंच्या तोंडून ऐकलंय, म्हणून तर लिहायला बसलो.

मे २०२३. आम्ही सहा जण: मी, बायको, मुलगी, साडू, मेहुणी आणि सासूबाई. संध्याकाळी साडेपाचची पारोस बेटाची बोट होती. मेट्रोची निळी लाइन ऑक्टोबर २०२२ पासून थेट पिरेयसपर्यंत जाते, मध्ये कुठे बदलावी लागत नाही, तासाभरात पोचते, हे मी घरूनच बघून ठेवलं होतं. तिकीट माणशी ९ युरो. साडू म्हणाले, "आईंना काय जिने चढायला लावणार?" म्हटलं, लिफ्ट आहे. "अहो, परदेशात आलोय, आता तरी लोकलची सवय सोडा." झालं. बायकोनेही मान डोलावली. (आता ती नाही म्हणते.)

तिथल्या टॅक्सीत चारच माणसं घेतात. म्हणजे दोन टॅक्सी. शहराच्या मध्यभागी जायला ठरलेलं भाडं आहे, पिरेयसला मात्र मीटर पळतो. आम्ही तिघं एकीत, सासूबाई साडूंच्या टॅक्सीत, कारण हा सगळा घाट त्यांच्यासाठीच होता ना.

पिरेयस हे एक बंदर नाही, बारा गेटांचा गोतावळा आहे. ई-१ पासून ई-१२. मांडव्याला जायचं म्हटलं की आपण आधी विचारतो ना, गेटवेवरून की भाऊच्या धक्क्यावरून? तसंच. आमची बोट ई-७ ला, मेट्रो स्टेशनच्या जवळच. मी ड्रायव्हरला कागदावर लिहून दाखवलं. साडूंनी त्यांच्या ड्रायव्हरला सांगितलं, "मेन गेट." त्याने ई-१ ला सोडलं. दुसरं टोक.

मग फोन. "आम्ही गेटवर उभे आहोत." "आम्हीही गेटवरच आहोत." "मग दिसत कसे नाही?" असं दहा मिनिटं. मध्ये दीड-दोन किलोमीटर डांबर, ट्रक आणि ऊन. बंदराच्या आत फुकट बस फिरते, ती त्यांना बऱ्याच वेळाने सापडली. तोवर सासूबाई निळ्या बॅगेवर बसून होत्या, पदर डोक्यावर, मांडीवर खाकऱ्यांचा डबा. ज्यांच्या गुडघ्यासाठी टॅक्सी केली, त्यांनाच शेवटी बसपासून बोटीपर्यंत लगबगीने चालावं लागलं, तेही ट्रक चढतात त्याच लोखंडी उतारावरून. पाच वीसला चढलो. तिथली बोट कुणासाठी थांबत नाही, मागचं फाळकं वर उचललं की संपलं.

साडू अजूनही प्रत्येक लग्नात म्हणतात, "चुकली का बोट? नाही ना!" चुकली नाही. पण परत येताना सासूबाईच म्हणाल्या, "त्या रेल्वेनेच जाऊ." लिफ्टने खाली, लगेच बसायला जागा, विमानतळापर्यंत डुलकी. यावर साडूंचं उत्तर अजून आलेलं नाही.

आता तुमचं. विमान रात्री उतरत असेल तर वरचं सगळं विसरा, तेव्हा मेट्रो बंद असते. एक्स-९६ बस चोवीस तास आहे, मेट्रोपेक्षा स्वस्त, दीड तास धरून चाला. विमानतळावरून पिरेयसची मेट्रो तासाला साधारण दोनच, एक चुकली तर अर्धा तास गेलाच. गर्दीत पाकीट पुढच्या खिशात ठेवा. आईंना व्हीलचेअर लागत असेल किंवा तुम्ही तिघं-चौघंच असाल तर टॅक्सी कराही, माझा टॅक्सीवर राग नाही, "मेन गेट"वर आहे. गेटचा नंबर बोटीवाल्यांकडून आदल्या दिवशी पक्का करा, बदलतो कधी कधी.

मिकोनोस, तिनोस किंवा अँद्रोसला जात असाल तर आधी तिकिटावरचं बंदर वाचा. त्या बोटी राफिनाहूनही सुटतात. राफिना विमानतळाला जवळ आहे, तिथे जायला वेगळी बस मिळते.

आणि सगळी तिकिटं एकाच फोनमध्ये ठेवू नका. आमची सहाही साडूंच्या फोनमध्ये होती, ई-१ ला.