फेरिटिन बघितलंत का? (दम लागतो, वेळ घसरतोय, एचबी मात्र 'नॉर्मल')

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि दुपारचं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. हाफ मॅरेथॉनचा वेळ दर रेसला वाढतोय, पाचव्या किलोमीटरलाच पाय जड, ऑफिसचा जिना चढताना धाप, पाळीच्या आठवड्यात तर सकाळी उठवत नाही, सीबीसीत (रक्ताच्या साध्या तपासणीत) एचबी म्हणजे हिमोग्लोबिन १२.२ म्हणून 'सगळं नॉर्मल', आणि जिमच्या सरांनी बीसीएए (अमिनो ॲसिडची पावडर), प्री-वर्कआउट (व्यायामाआधी घ्यायची कॅफिनवाली पावडर), बीटरूट पावडर, व्हे (दुधातल्या प्रथिनांची पावडर) असं सगळं गळ्यात मारलंय. यातलं एकेक वाक्य माझं आहे, फक्त माझं एचबी १२.१ होतं.

झोप, पोटभर खाणं, पळायचं अंतर हळू वाढवणं हे तुम्ही करत असणारच, त्यात जात नाही. आणि मी डॉक्टर नाही, खालचं वाचून गोळ्या सुरू करू नका, आधी फेरिटिनची टेस्ट करा आणि मग डॉक्टरांशी बोला.

फेरिटिन म्हणजे शरीरात साठवलेलं लोह किती आहे त्याचा अंदाज. एचबी हे खिशातले पैसे, फेरिटिन म्हणजे बँकेतली शिल्लक. शिल्लक संपत आली तरी खिशात बरेच दिवस पैसे दिसतात, म्हणून एचबी १२ च्या वर राहतं आणि कोणाला काही वाटत नाही. लांब पळणाऱ्या बायकांचं लोह चारी बाजूंनी जातं, पाळी, घाम, पाय आपटून फुटणाऱ्या लाल पेशी, आणि लांब रनला आतड्यातून थोडं थोडं रक्त. त्यात शाकाहारी असाल तर येणारं लोहही नीट शोषलं जात नाही.

आता खरी कटकट सांगते. आमच्या शहरातलं एक मोठं हॉस्पिटल, नाव घेत नाही, तिथे हेल्थ चेकअपचं पॅकेज घेतलं होतं. मी काउंटरवर म्हटलं, यात फेरिटिन घाला, वेगळे पैसे देते. उत्तर आलं, पॅकेजमध्ये नाही, डॉक्टरांनी लिहून दिलं तरच. डॉक्टरांकडे गेले तर ते म्हणाले आधी पॅकेजचे रिपोर्ट येऊ देत. रिपोर्ट आले, त्यांनी पान उलटून फक्त ठळक अक्षरात काही छापलंय का ते बघितलं, नाहीये, म्हणजे ॲनिमिया नाही, वय चाळीस झालं आता, पळणं कमी करा, मल्टीव्हिटॅमिन घ्या. मी परत फेरिटिन म्हटलं तर म्हणाले इंटरनेटवर वाचून येऊ नका. परत काउंटर, परत 'लिहून आणा'. दोन खिडक्यांमध्ये मला नुसतं टोलवत राहिले आणि त्यात तो अख्खा सीझन गेला. जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन पळाले, पळाले म्हणजे काय, पेडर रोडचा चढ चक्क चालत चढले आणि पुढेही चालतच होते. लोक म्हणाले ट्रेनिंग कमी पडलं. ट्रेनिंग कमी नव्हतं हो!

शेवटी कोपऱ्यावरच्या साध्या लॅबमध्ये गेले, चिठ्ठीबिठ्ठी कोणी विचारली नाही, काही शे रुपयांत काम झालं. फेरिटिन ९.

आणि यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे रिपोर्टवरची रेंज. कित्येक लॅबच्या कागदावर बायकांसाठी १० किंवा १३ पासूनच नॉर्मल छापलेलं असतं. डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) १५ च्या खाली कमी म्हणते, आणि खेळाडूंचे डॉक्टर सहसा ३०-३५ च्या खाली गेलं की लक्ष घालतात. म्हणजे तुमचं १४ आलं तर काउंटरवाला नॉर्मल म्हणेल आणि तुम्ही जिन्यात धापा टाकत बसाल. तेव्हा नॉर्मल आहे का विचारू नका, आकडा विचारा. टेस्ट करताना एक बघा, आदल्या एक-दोन दिवसांत रेस, लांब रन किंवा ताप नको, कारण अंगात सूज (आतल्या आत, बाहेरून न दिसणारी) असली की फेरिटिन खोटं वर दिसतं. शक्य असेल तर सीआरपी (ही सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट) बरोबर करून घ्या.

आता तुमचे पावडरींचे डबे. यातल्या निम्म्या गोष्टी लोहाच्या वाटेत आडव्या येतात हे तुमच्या सरांना माहीत आहे का? व्हे दुधातून घेताय, दुधातलं कॅल्शियम लोह नीट शोषू देत नाही. प्री-वर्कआउटमध्ये खरी कॉफी असेल किंवा तुम्ही वर चहा पीत असाल तर तेही तसंच. माझ्या त्या मल्टीव्हिटॅमिनमध्ये लोह आणि कॅल्शियम एकाच गोळीत होतं आणि वरून नाश्त्याचा चहा, म्हणजे घेतलं न घेतलं सारखंच.

लोहाची गोळी डॉक्टरांनी दिली तर (आपल्याकडे बहुतेक फेरस ॲस्कॉर्बेट देतात) ती कधी घ्यायची हे त्यांना नक्की विचारा, चिठ्ठीवर नुसतं 'जेवणानंतर' लिहिलेलं असतं. पळून आल्यावर ३ ते ६ तासांत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते आतड्यातून लोह आत घेणं कमी करतं. म्हणून सकाळी पळायच्या आधी किंवा आल्या आल्या अर्ध्या तासात गोळी, बरोबर लिंबूपाणी नाहीतर पेरू, आणि चहा तासाभराने. गोळी घेतल्यावरही हेप्सिडिन दुसऱ्या दिवसापर्यंत चढलेलं राहतं, त्यामुळे एक दिवसाआड घेतलेली बरी पडते. झुरिकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये लोह कमी असलेल्या तरुण बायकांवर हे तपासलं, रोज घेतल्यावर साधारण १६ टक्के शोषलं गेलं, दिवसाआड घेतल्यावर सुमारे २२. पोटालाही त्रास कमी होतो, मला तरी झाला. मात्र एचबीच खूप खाली असेल तर डॉक्टर रोज देतील, तिथे माझं ऐकू नका. आणि धीर धरा, शिल्लक भरायला दोन-तीन महिने सहज जातात.

एक महत्त्वाचं, फेरिटिन चांगलं निघालं तर लोह अजिबात घेऊ नका. जास्तीचं लोह लिव्हरमध्ये साठतं. एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार, सीबीसीत असतो) कमी पण फेरिटिन ठीक असेल तर थॅलेसेमिया मायनर (आईवडिलांकडून येणारा रक्तातला दोष) असू शकतो, त्याची टेस्ट वेगळी, तिथे गोळ्यांचा उपयोग नाही. अळीवाचे लाडू खा, त्यात लोह भरपूर आहे, गुळाचं मात्र फार कौतुक नको, एका खड्यात कितीसं असणार.

बाकी पावडरींबद्दल माझं मत विचारलंत म्हणून. बीसीएए बंद करा, दूध-डाळ-व्हे चालू असताना त्याचा वेगळा फायदा दिसत नाही. कॅफिन मात्र खरंच काम करतं, वजनाच्या किलोमागे ३ मिलीग्रॅमच्या आसपास, म्हणजे ५५ किलोला १६५, आणि तुमच्या प्री-वर्कआउटच्या एका स्कूपमध्ये २००-३०० सहज असू शकतं, डबा फिरवून वाचा. आकडा न लिहिता नुसतं 'ब्लेंड' लिहिलं असेल तर ते घेऊच नका, त्यात काय मिसळलंय देव जाणे. हाफ-फुलला खरा फरक पडतो तो तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बने (कार्बोहायड्रेटने), एनर्जी जेल घ्या नाहीतर खजूर, पण आधी लांब रनला पोटाला सवय लावून. आणि रेसच्या सकाळी ती दुखण्याची गोळी घेता असं लिहिलंय ना, ती कृपा करून थांबवा, पळताना किडनी आणि आतडं दोन्हीवर ताण येतो आणि रक्त जायचा अजून एक रस्ता उघडतो.

बीटरूट पावडर परत करू का म्हणून विचारलंत. बीटातल्या नायट्रेटचा फायदा होऊ शकतो, पण ते पुरेसं हवं आणि रेसच्या दोन-तीन तास आधी हवं, आणि त्या दिवशी माउथवॉश नको, कारण तोंडातले जंतूच त्याचं पुढचं रूपांतर करतात. तुमच्या डब्यावर नायट्रेट किती ते लिहिलेलंच नाही म्हणता, मग सील असेल तर परत करा. उघडलेला असेल तर थालीपिठात घाला, रंग छान येतो.