कुंडीतली किवी

प्रश्न : बाजारातल्या किवीच्या बिया कुंडीत टाकल्या, तर चक्क अकरा रोपं उगवली. द्राक्षाच्या मांडवाच्या कडेला लावली तर फळ कधी धरेल? न्यूझीलंडचं हे मूळ फळ आमच्या उन्हात टिकेल का? – एक वाचक, तासगाव

उत्तर : आधी 'न्यूझीलंडचं मूळ फळ' एवढं खोडा. किवी चीनची; यांगत्झे नदीच्या खोऱ्यातल्या डोंगरांवरचा रानवेल. तिच्या चिनी नावाचा अर्थ 'माकडाचं पीच'. न्यूझीलंडला तिचं बी नेलं ते वांगानुईच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका इझाबेल फ्रेझर यांनी. १९०३ साली त्या चीनमधल्या यिचांगला मिशनमधल्या बहिणीकडे गेल्या आणि १९०४ मध्ये बी घेऊन परतल्या. (मीही जन्मभर शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवलं, म्हणून या बाईंचं मला जरा जास्तच कौतुक.) पुढे अ‍ॅलिसन नावाच्या बागाइतदाराकडे त्या बियांचे वेल झाले आणि १९१० मध्ये फळं लागली.

यात नशिबाचा भाग मोठा. पपईसारखाच किवीतही नर वेगळा, मादी वेगळी. अर्नेस्ट विल्सन या वनस्पतिसंग्राहकाने त्याच भागातून इंग्लंड-अमेरिकेला बी धाडलं होतं. तिथली सुरुवातीची रोपं नर निघाली. बाईंच्या बियांत दोन्ही होते.

माझी मुलगी न्यूझीलंडमध्ये टौरांगाला असते. एका नोव्हेंबरात तिच्याकडे गेले असताना जवळच टे पुकेला फुलावर आलेली बाग पाहिली. मांडव थेट तुमच्या द्राक्षासारखा. मादीफुलाच्या मधोमध पांढऱ्या काड्यांचं चक्र, उघडलेल्या छत्रीसारखं. भोवती पिवळा पराग दिसतो, पण तो वांझ! शिवाय फुलात मध नाही, त्यामुळे मधमाश्या टिकत नाहीत. मळेवाले मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवतात आणि माश्यांना साखरेचं पाणी पाजतात.

नावाचं म्हणाल तर तो निव्वळ व्यापार. पूर्वी 'चायनीज गूजबेरी' म्हणत. १९५९ साली न्यूझीलंडच्या निर्यातदारांनी 'मेलोनेट' सुचवलं, पण अमेरिकेत मेलनवर जकात होती. मग न्यूझीलंडच्या किवी पक्ष्याचं नाव चिकटवलं.

आता तुमची अकरा रोपं. फुलायलाच पाच-सात वर्षं, आणि तोवर नर कुठला, मादी कुठली, कळायचं नाही. फळही आणलेल्या किवीसारखं निघेलच असं नाही. बाजारातली हिरवी किवी बहुधा 'हेवर्ड' असते. ऑकलंडच्या हेवर्ड राइट यांनी १९२०च्या दशकात निवडलेली, कलमानेच वाढवतात. तिला हिवाळ्यात शेकडो तास कडाक्याची थंडी लागते. आपल्याकडे तेवढी थंडी हिमाचलात आणि अरुणाचलातल्या झिरोला मिळते, तासगावात नाही.

मांडव द्राक्षालाच राहू द्या. उपटवत नसेल तर एखादं रोप सावलीत कुंडीत ठेवा. नव्या फुटीवरची तांबडी लव फार देखणी असते.