वजनकाट्याआधी टेप घ्या

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, काढायला सोपा: किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. ६८ किलो, १.७० मीटर म्हणजे साधारण २३.५. पण त्यातलं स्नायू किती, चरबी किती, हे त्याला कळत नाही. म्हणून कंबर मोजाच.

सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड दोन्ही बाजूंना चाचपा आणि त्यांच्या बरोबर मध्ये टेप लावा. पँटचा पट्टा बांधतो ती जागा नव्हे. ती बहुधा खाली असते आणि आकडा फसवा येतो. टेप जमिनीला समांतर, कातडीला टेकलेली, रुतलेली नको. नेहमीसारखा श्वास सोडा आणि तेव्हाच वाचा. पोट आत ओढायचं नाही! दोनदा मोजा, सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर पुन्हा. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, म्हणजे १७० सेंटीमीटर उंचीला ८५च्या आत. गरोदरपणात हे माप लागू नाही.

चरबीची टक्केवारी दाखवणारे काटे विजेच्या सौम्य प्रवाहावरून अंदाज बांधतात. शरीरातलं पाणी कमी-जास्त झालं की आकडा हलतो, म्हणून व्यायामानंतर त्यावर उभं राहू नका. सकाळी, शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर. तरीही एका दिवसाचा आकडा सोडून द्या, महिन्याचा कल बघा.