पहिली रात्र बामणोलीकडं काढ

अरे, व्हॅनमध्येच राहून-झोपून फिरायचं म्हणतोस, तर पहिल्याच खेपेला चार दिवसांचा बेत नको. एक रात्र साताऱ्याकडच्या बामणोलीच्या बाजूला काढ, शेतमालकाला विचारून. कासच्या पठारावर मात्र चाक घालायचं नाही.

खरी मेख बॅटरीत. १२ व्होल्ट, १०० एएचची (अँपिअर-तास) लेड-ॲसिड बॅटरी कागदावर १२०० वॉट-तास. पण निम्म्याखाली उतरवत गेलास तर लवकर मरते. म्हणजे हाताशी ६००च. ४५ वॉटचा फ्रिज निम्मा वेळ चालला तरी १२ तासांत २७० खातो. इंडक्शन विसर, गॅसची शेगडी घे. इंजिनाची बॅटरी वेगळीच ठेव. मी एकीवरच भागवलं नि सकाळी ट्रॅक्टरनं ओढायची वेळ आली! मालक हसत होता, चहा मात्र पाजला.

पाणी? ताटं आधी कागदानं पुस, मग धू. सांडपाणी शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, ओतू नकोस.