हॅझर्ड, अझार आणि आपला आजार

प्रश्न असा आहे: पोर्तुगीज 'अझार' म्हणजे दुर्दैव, इंग्रजी 'हॅझर्ड' म्हणजे धोका, मग आपला 'आजार'ही त्यांचाच भाऊ का?

पहिले दोघे सख्खे. तिसऱ्याचा नुसता चेहरा सारखा. 'आजार' आपल्याकडे फारसीतून आला, तिथे त्याचा अर्थ त्रास, पीडा. 'हॅझर्ड' मात्र जुगाऱ्यांच्या घरचा.

हॅझर्ड हा २ फाशांचा खेळ. इंग्लंडच्या दारूगुत्त्यांत तो शतकानुशतकं रंगला. १४व्या शतकात चॉसरने 'कँटरबरी टेल्स'मध्ये एका धर्मोपदेशकाच्या तोंडून त्याला यथेच्छ झोडपलंय. (उपदेशक स्वतः लबाड, हा भाग वेगळा.) फासे टाकणाऱ्याने आधी ५ ते ९ मधला एक आकडा बोलायचा, तो 'मेन'. पहिल्याच फेकीला तो पडला की जीत. २ किंवा ३ पडले की हार. ११-१२ चा निकाल बोललेल्या आकड्यावर: ७ बोललात तर ११ तारतो आणि १२ मारतो, ६ किंवा ८ ला नेमकं उलट, ५ किंवा ९ ला दोन्ही बुडवतात. बाकी काहीही पडलं तर तो आकडा तुमचा 'चान्स'. मग तो पुन्हा पडेपर्यंत फेकत राहायचं, पण मध्येच 'मेन' आला की संपलं. घटकेपूर्वी ज्या आकड्याची आळवणी केली, तोच आता वैरी!

अमेरिकेतला 'क्रॅप्स' हा याचाच सुटसुटीत वंशज.

शब्द इंग्रजीत आला फ्रेंच 'हसार'वरून. त्यामागे स्पॅनिश 'अझार' आणि अरबी 'अझ-झहर', म्हणजे फासा, अशी व्युत्पत्ती बहुधा देतात. तिच्यात एक खोट आहे: जुन्या अरबीत 'झहर' म्हणजे फूल, फासा नव्हे. सीरियातल्या एका किल्ल्यावरून खेळाला नाव पडलं, अशीही एक मध्ययुगीन कथा आहे. मला ती रचलेली वाटते. अर्थाची वाट मात्र सरळ आहे: फाशांचा खेळ, मग त्यातली हार-जीत, आणि १६व्या शतकापर्यंत निव्वळ धोका. फ्रेंच 'हसार' योगायोगावरच थांबला, पोर्तुगीज 'अझार' थेट दुर्दैवावर जाऊन बसला.

आपल्याकडे फाशांतून आलेला शब्द हवाच असेल तर 'पोबारा' घ्या. पौ म्हणजे १, आणि बारा: ३ फाशांवर ६, ६, १ असं पडलेलं झकास दान. हिंदीत 'पौ बारह' झाले की माणसाची चांदी होते. मराठीत तो पोबारा करतो, म्हणजे पळून जातो.