ॲपवर कुणाचं नाव वर दाखवायचं हे ठरवणाऱ्या प्रोग्राममधून, म्हणजे अल्गोरिदममधून, जात-वस्तीची माहिती काढून टाकली की वंचितांचे धंदेही ऑनलाइन यादीत वर दिसतील का?

नाही दिसणार. हे मी घरात बघितलंय.

माझी वहिनी घणसोली गावठाणात घरून डबे देते. तांदळाची भाकरी, सुकटाची चटणी, निवट्या मिळाल्या तर कालवण. एका ॲपवर तिने नाव नोंदवलं. सिडको या सरकारी नगरनियोजन कंपनीने 95 गावांच्या जमिनी घेऊन नवी मुंबई वसवली, पण सेक्टर-प्लॉटची आखणी गावठाणाच्या वेशीवर थांबली. वहिनीचा पत्ता म्हणजे 'देवळामागची गल्ली'. नकाशावर खूण भलतीकडेच. डिलिव्हरीवाला मेन रोडवरून फोन करणार, वहिनी गॅस बंद करून डबा घेऊन धावणार. उशीर रस्त्याचा, रेटिंग कापलं गेलं वहिनीचं. रेटिंग घसरलं म्हणून नाव खाली, नाव खाली म्हणून ऑर्डर नाही, ऑर्डर नाही म्हणून आणखी खाली.

त्या प्रोग्राममध्ये कुणी जात लिहिली नव्हती. पत्त्यानेच ते काम केलं. आडनाव काढलंत तर पिनकोड उरतो, पिनकोड काढलात तर बोली उरते.

मी स्वतः ऐरोलीत अशाच क्रमवारीचं काम करते. तेव्हाच्या टीम लीडला म्हटलं, पत्त्यामुळे झालेला उशीर विक्रेत्याच्या खात्यावर टाकू नका, वरच्या काही जागा आलटूनपालटून द्या. तो म्हणाला, "हे आरक्षण झालं. ग्राहकाला हवं तेच वर येतं." अहो, जे ग्राहकाच्या नजरेलाच पडलं नाही, ते त्याला नकोय हे कुठल्या डेटावरून ठरवलंत? ज्याला आधी क्लिक मिळाले त्याची पहिली जागा राखीवच आहे की! कॉर्नेलच्या संशोधकांनी 2018 मध्ये हे गणितात मांडलंय: योग्यतेत तसूभर फरक असला तरी दिसण्यात हातभर पडतो. म्हणून दिसण्याचा वाटा योग्यतेच्या प्रमाणात, अनेक शोधांमध्ये मिळून वाटायचा. यात दयेचा प्रश्न येतो कुठे?

औषध-उपचारांच्या माहितीत मात्र आलटूनपालटून चालणार नाही, तिथे अचूकताच आधी. आणि ॲपने जात विचारू नये, आडनावावरून ताडूही नये. तपासणी करायची तर लोकांनी राजीखुशीने दिलेल्या माहितीवर. त्यांना न विचारता त्यांचं भलंही ठरवू नका. छळ होऊ नये म्हणून अपंगांच्या व्हिडिओंचा प्रसार आपण रोखत होतो, हे टिकटॉकने 2019 मध्ये कबूल केलं होतं. वहिनीला विचाराल तर तिची मागणी एवढीच आहे की नकाशावरची खूण तिच्या दारावर यावी.