गावच्या आराखड्याचा खेळ: डेव्हलपर नेमण्याआधीचं आणि नंतरचं

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. पलूस तालुक्यात नदीकाठच्या गावात तुमची संस्था काम करते. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा लोकांच्या पचनी पडावा म्हणून मोबाइलवर खेळ करायचाय. हातात 3 लाख आहेत, पुण्याच्या कंपनीनं त्याच्या दुपटीहून जास्तीचं कोटेशन दिलंय. तेव्हा कंपनी घ्यावी, फ्रीलान्सर घ्यावा की इथल्याच इंजिनिअरिंगच्या पोरांना द्यावं?

तुमच्या प्रश्नाखाली बऱ्याच जणांनी डेव्हलपरांची नावं सुचवली आहेत. मी कुणाचं नाव देत नाही, कारण कुणालाही गाठलंत तरी पहिल्या आठवड्यातच अडाल. तुम्ही दिलेल्या खेळाच्या दीड पानी वर्णनात लिहिलंय, 'खेळाडू निधी वाटतील आणि गाव विकसित होईल.' बरं, निधी किती? वाटणार कोण? गटाराला किती लागतात? कृष्णेला पाणी आलं की काय बुडतं? हे तुम्ही सांगितलं नाहीत तर डेव्हलपर आपल्या मनानं ठरवेल. तो हिंजवडीत बसून तुमच्या गावच्या पाणंद रस्त्याचा खर्च टाकेल, आणि पहिल्याच ग्रामसभेत मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडेल, 'एवढ्यात होतोय तर उद्याच करा की!' खेळ तिथंच संपला.

म्हणून नियम आणि आकडे तुमचे, आणि ते कायम तुमच्याच हातात राहिले पाहिजेत. डेव्हलपरकडून घ्यायचं ते उरलेलं.

आकड्यांचंच घ्या. पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या, पैशात बंधित आणि अबंधित असे दोन कप्पे होते. बंधित पैसा पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेसाठीच, अबंधित स्थानिक गरजेप्रमाणे. 2020-21 मध्ये हे प्रमाण निम्मं-निम्मं होतं, 2021-22 पासून 60 टक्के बंधित आणि 40 टक्के अबंधित झालं. एकाच आयोगाच्या काळात प्रमाण बदललं, आणि त्या आयोगाची मुदत 2025-26 पर्यंतच होती. आता हे 60 आणि 40 डेव्हलपरनं कोडमध्ये पुरून ठेवले, तर प्रत्येक बदलाला त्याचे पाय धरायचे आणि वर बिल भरायचं. सगळे आकडे एका साध्या एक्सेल शीटमध्ये राहतील, शीट बदललं की खेळ बदलेल, आणि हे तुमच्या ऑफिसातल्या कुणालाही जमेल, ही अट पहिल्याच बैठकीत घाला. अनुभवी माणूस 'हो, तसंच करतात' म्हणून पुढं सरकतो. 'ते नंतर बघू' म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या.

कामांचे खर्च पंचायत समितीच्या बांधकामाच्या शाखा अभियंत्याला विचारा. मागच्या दोन-तीन वर्षांची अंदाजपत्रकं ग्रामपंचायतीत असतातच, भाऊसाहेबांकडून (ग्रामसेवकाकडून) घ्या. खेळात प्रत्येक कामाचं एक कार्ड असेल, त्यात हायमास्ट दिवे आणि पेव्हर ब्लॉकची कार्डं मुद्दाम ठेवा. आपल्याकडं यांच्याशिवाय विकास होत नाही.

पुराचा नियम तुम्हाला शोधावा लागणार नाही. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट इशारा पातळी आणि 45 फूट धोका पातळी, हे काठावरच्या पोरालाही पाठ आहे. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं, 2021 ला पुन्हा आलं. खेळात दर फेरीला एक पाणीपातळीचं कार्ड उलटा. 40 च्या आत असेल तर काही नाही, 45 ओलांडलं की खालच्या आळीत केलेलं काम वाया, वर निवारा केला असेल तर जनावरं वाचली. एवढ्यावर लोक तासभर भांडतील. ते भांडण व्हावं म्हणूनच तर हा खटाटोप.

आता हे सगळं आधी कागदावर खेळा. कार्डशीटवर गावाचा नकाशा, कामांची कार्डं आणि पैशाच्या जागी चिंचोके. अशी एक बैठक मी समाजमंदिरात बचत गटाच्या बायकांबरोबर बघितली आहे. पाणंद रस्त्याला आठ चिंचोके लागायचे आणि प्रत्येक वस्तीकडं सहाच. नियमात उसनवारी नव्हती. मळ्यातल्या बायकांनी कुणाला न विचारता शेजारच्या वस्तीच्या ढिगातले दोन उचलले, 'पुढच्या साली तुमच्या टाकीला देतो' म्हणाल्या, आणि पलीकडच्यांनी मान डोलावली. खेळ घेणारा पोरगा 'असं चालत नाही' म्हणत होता, त्याच्याकडं कुणी बघितलं नाही. दोन वस्त्यांनी पैसे एकत्र करायचे हा नियम त्या दुपारी आला, आणि पुढं तोच खेळाचा कणा झाला. तो ॲप झाल्यावर सुचला असता तर खेळाची अर्धी रचना उकलावी लागली असती, आणि त्याचे पैसे वेगळे.

हे काही मी नवं सांगत नाही. आंध्र प्रदेशात फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी या संस्थेनं भूजलाचा खेळ गावोगाव खेळवला. खेळणारे पीक निवडतात, जास्त पाण्याचं निवडलं तर पैसा जास्त पण सगळ्यांच्या विहिरीची पातळी उतरते, आणि खेळ झाल्यावर गाव बसून बोलतं. त्या बोलण्यासाठी वेळ राखून ठेवलेला असतो, हे मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमच्या वर्णनात 'लीडरबोर्ड' (गुणांची क्रमवारी) आणि 'कॉइन्स' आहेत, गप्पांना जागा नाही. लीडरबोर्ड काढून टाका, तेवढे पैसेही वाचतील.

आता माणूस कसा निवडायचा ते. एवढ्या कामाला माझ्या मते दोघांची जोडी बरी, एक प्रोग्रॅमर आणि एक चित्रं काढणारा. सांगली, मिरज, कराड या पट्ट्यात अशी माणसं आहेत. पुण्याहून किंवा घरून काम करणारीही बरीच आहेत. कॉलेजची पोरं हुशार असतात, पण परीक्षा आली की गायब आणि नोकरी लागली की फोन बंद. कागदी खेळ घ्यायला, नोंदी करायला त्यांना जरूर घ्या.

कामं दाखवा म्हटलं की सगळे झगमगीत व्हिडिओ दाखवतात. त्यापेक्षा दोन-तीन जणांना छोटं काम पैसे देऊन द्या: एक स्क्रीन, तीन कार्डं, आकडे शीटमधून येणारे. ते तुमच्या गावातल्या जुन्या, काच फुटलेल्या अँड्रॉइडवर इंटरनेट बंद करून चालवा.

आणि त्या कार्डांवर हे तीन शब्द असू देत: विहीर, कार्यालय, दुष्काळ. का, तर युनिटी या खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये (इंजिनमध्ये) काम करणाऱ्यांनी मराठीकडं लक्ष दिलं नाही की पहिली वेलांटी अक्षराच्या मागं जाते, रफार सुटून 'र्' वेगळा पडतो आणि 'ष्क' चे दोन तुकडे होतात. गोडो या मोफत इंजिनच्या चौथ्या आवृत्तीपासून जोडाक्षरं मुळातच नीट बसतात. युनिटीतही उपाय आहेत, फक्त ते करणाऱ्याला माहीत हवेत. ज्याच्या कार्डावर 'विहीर' नीट दिसते त्याला पुढं बोलवा. तुमच्या जुन्या याद्या श्रीलिपी या जुन्या फाँटमध्ये असतील तर त्या युनिकोडमध्ये करून द्यायचं काम तुमचं, ते त्याच्या गळ्यात मारू नका.

कागदपत्रांत बहुतेक संस्था झोपतात. पैसे दिले म्हणजे कोड आपला झाला, असा समज असतो. कॉपीराइट कायदा 1957 प्रमाणे पगारी नोकरानं केलेलं काम मालकाचं, पण बाहेरच्या माणसानं केलेल्या कोडचा पहिला मालक तो स्वतः. हक्क तुमच्याकडं यायचे तर लेखी आणि सहीनिशी हस्तांतर हवं. कलम 19 नुसार त्यात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षंच धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दोन्ही स्पष्ट लिहून घ्या, चित्रांसाठीही.

प्ले स्टोअरचं खातं संस्थेच्या नावानं, संस्थेच्या ईमेलवर उघडा. फी एकदाच 25 डॉलर. संस्थेच्या खात्याला डन्स (D-U-N-S) हा संस्थेची ओळख पटवणारा क्रमांक लागतो, त्यात वेळ जातो, तेव्हा आधीच अर्ज टाका. 'तोवर माझ्या खात्यावर टाकतो' असं डेव्हलपर प्रेमानं म्हणेल, तिथं नम्रपणे नाही म्हणा. शिवाय गूगल दरवर्षी ॲप नव्या अँड्रॉइडला जुळवून घ्यायला लावतं, त्यामुळं वर्षाकाठी थोडं काम निघणारच. त्यासाठी 3 लाखांतले पैसे बाजूला ठेवा, सगळे पहिल्याच वर्षी उडवू नका.

लॉगिन ठेवू नका. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात 18 वर्षांखालच्यांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि तुमच्याकडं शाळेतली पोरं खेळणारच. एका गटाला एक फोन, हातातून हातात फिरवायचा, नाव नको, नंबर नको. गूगल मॅप्सही नको. शिवारफेरीत लोकांनीच काढलेला नकाशा चित्रकाराकडून नीट करून घ्या, लोकांना त्यात आपली बोळं लगेच सापडतात.

एवढं कापल्यावर 3 लाखांत दोन-तीन वस्त्यांचं, ऑफलाइन, साध्या चित्रांचं अँड्रॉइड ॲप बसावं. थ्रीडी गाव बसणार नाही. कोटेशन येईल त्यात 18 टक्के जीएसटी धरलाय की वेगळा, ते विचारा. पैसे टप्प्याटप्प्यानं द्या, आणि शेवटचा मोठा हप्ता गावात खेळ होऊन सोर्स कोड संस्थेच्या ताब्यात आल्यावर.

वेळेचं म्हणाल तर पुढच्या वर्षाच्या आराखड्याची मोहीम साधारण 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. ॲप यंदा होणार नाही, तो नाद सोडा. कागदी खेळ मात्र 15 ऑगस्टच्या सभेआधी दोन आळ्यांत होऊ शकतो. सभेत दाखवायचा असेल तर नोटीस निघण्याआधी सरपंच आणि भाऊसाहेबांच्या कानावर घाला, नाहीतर 'आयत्या वेळच्या विषयां'त ढकलतील आणि तोवर निम्मी माणसं उठून गेलेली असतात.